वाजलं का?

एखादी गोष्ट एकदम कळली की लोक म्हणतात ट्यूब पेटली, डोक्यात उजेड पडला. कोणी उशिरा शहाणं झालं तर टोमणा असतोच, "आज कसा काय साक्षात्कार झाला?" आमच्या घरात मात्र या सगळ्याला एकच शब्द होता: वाजलं.

बाबा मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली कामाला होते. खाली उतरलं की आधी सब्बलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, डोक्यावरचं छत ठोकायचं. खणखणीत वाजलं तर दगड पक्का. बद्द वाजलं तर मागं सरकायचं, नाहीतर तो दगड कधी अंगावर येईल नेम नाही. ही सवय ते घरी घेऊन आले. बाजारात मडकं ठोकायचे, टरबूज ठोकायचे, आणि संध्याकाळी मला ठोकायचे. म्हणजे मारायचे नाहीत हो! त्या माणसानं मला कधी बोट लावलं नाही. शेजारी बसवून, पाठीवर पंजा ठेवून म्हणायचे, "सांग, काय शिकली आज?" मी धडा घडाघडा म्हटला की मान हलवायचे. "बद्द वाजून राहिलं. पाठ केलं तुनं."

मी चिडायची, रडायची, पुन्हा पुस्तक उघडायची. मग कधीतरी भागाकारात बाकी का उरते ते लख्खकन समजायचं, आणि तेच माझ्या शब्दांत सांगितलं की बाबांचा पंजा पाठीवर थाप मारायचा. "हां! आता वाजली." ज्यांना स्वतःला सहीपुरतीच अक्षरं येत होती, त्यांना माझं खरं-खोटं कसं कळायचं, कोण जाणे.

हा शब्द सगळ्या जगाचा आहे असंच मला वाटायचं. डी.एड.ला भंडाऱ्याला गेले तेव्हा भर तासाला उठून म्हणाले, "सर, मले आता वाजलं!" सगळा वर्ग खो खो हसला. एकीनं विचारलं, "काय वाजलं बाई, थंडी का बारा?" दुसरी म्हणे, "कोणासंग वाजलं?" बरोबरच होतं त्यांचं. लोकांना थंडी वाजते, सासू-सुनेचं वाजतं. कळण्याला वाजणं म्हणणारे आम्हीच तेवढे वेडे.

गेल्या उन्हाळ्यात मी मोहाडीचं सासर सोडून बॅग भरून माहेरी आले. नवऱ्याचा हात उठायचा. दोनदा गिळलं, तिसऱ्यांदा नाही. आईला आल्या दिवशीच सांगितलं. ती म्हणाली, "बाबाले तूच सांग. मले नाई जमत."

आणि इथंच घोडं अडलं. जावई बाबांनीच हौसेनं पाहिलेला, त्याचं कौतुक गावभर केलेलं. त्यात बाबांचे कान ठार गेलेले. नुसतं "चहा घ्या" सांगायचं तरी ओरडावं लागायचं. निवृत्त होऊन ते आमच्या गावी, बपेऱ्याला राहायला आले होते, तेही भावकीच्या दोन घरांच्या मधोमध, दोन्हीकडून भिंतीला भिंत. "नवरा मारतो, मी परत जाणार नाही" हे ओरडून कसं सांगायचं? गावाला आवतण दिल्यासारखंच झालं असतं. लिहून द्यावं तर चिठ्ठी वाचून घ्यायला ते माझ्या चुलत्याकडे जाणार. पंधरा दिवस मी "शाळेले सुट्ट्या हायेत!" म्हणून ओरडत राहिले. ते मान हलवायचे. कान गेल्यापासून बोलणंही कमी झालं होतं त्यांचं. मला वाटायचं, बाबा आता आपल्याला ऐकायच्या पलीकडे गेले.

मग एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या भिंतीशी उभे दिसले. ओल येऊन तिथलं प्लास्टर फुगलं होतं. एका हातात आईचं उलथणं, त्यानं ठोकत होते, आणि दुसरा पंजा भिंतीला चिकटवलेला. मला हसू आलं.

"बाबा, तुमाले आयकू येत नाई, कायले ठोकून राहिले?" मी कानाशी ओरडले.

मी अजून दुसरीतच आहे अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कानानं कोण आयकते? खाली मशीनच्या आवाजात कान कोणाचे चालतेत? एका हातानं ठोकाचं, दुसऱ्या हातानं आयकाचं. माहे कान तं तू शाळेत जात होती तवाच निम्मे गेले होते."

माझा हात धरून त्यांनी भिंतीवर ठेवला. ठोकलं. तळहाताला बारीक झिणझिणी आली, पार कोपरापर्यंत. हात फुगलेल्या जागी सरकवला, पुन्हा ठोकलं. काहीच नाही.

आणि मला वाजलं! अंगावर सर्रकन काटा आला. लहानपणी पाठीवर असायचा तो पंजा! मी त्याला माया समजत होते. माया तर होतीच, पण तो बाबांचा कान होता. माझे धडे त्यांना धड ऐकू येतच नव्हते. पोरगी आतून कशी वाजते, तेवढंच ते रोज हातानं तपासत होते. केवढा हा माणूस, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता! मी भिंतीला हात लावून तशीच उभी राहिले.

बाबांनी उलथणं ओट्यावर ठेवलं आणि पंजा माझ्या पाठीवर टेकवला.

"पंधरा दिस झाले तुह्या सुट्ट्याले. बोल आता."

"बरी हाय मी!" मी ओरडले.

"बद्द."

ओरडायचं त्राणच राहिलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून, चुलीपाशी बसलेल्या आईलाही जेमतेम ऐकू जाईल इतक्या हळू बोलले, "तो मारते मले, बाबा. मी नाई जात आता परत."

शब्द त्यांना ऐकू गेले नसणारच. पंजा मात्र होता तिथंच राहिला.

"हां," बाबा म्हणाले. "आता वाजली."