पाय हलला नव्हता

"अगं, हे बास्केटबॉल आहे. लंगडी वस्तीत खेळायची."

सर म्हणाले आणि सगळ्या कोर्टवर हशा पिकला. मी चेंडू छातीशी धरून वळत होते, तेवढ्यात त्यांची शिट्टी वाजली होती. चेंडू घेऊन थांबलं की एक पाय जमिनीला रोवायचा. दुसरा कुठेही फिरवा, पण रोवलेला सरकला की चूक. आमच्या क्लबात एक रीत होती. जिची चूक झाली तिने हात वर करायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "माझी चूक, सर." मी हात वर केला. म्हटलं.

पुण्यात तेव्हा आयटीचं वारं होतं. येरवड्यात आमच्या पत्र्यांपलीकडे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यातल्या एका कंपनीने नदीपलीकडच्या या क्लबला नवं कोर्ट बांधून दिलं. अट एकच, वस्तीतल्या मुलींनाही खेळवायचं. म्हणून आम्ही. उद्घाटनाच्या फोटोत आम्ही पुढे, नव्या टी-शर्टांत. फोटो झाला आणि टी-शर्ट परत मागितले. धुवायला, म्हणे. पुन्हा दिसले नाहीत. बाकीच्या मुली हळूहळू यायच्या बंद झाल्या. मी राहिले, कारण मला खेळ आवडायचा. पहिल्याच दिवशी सरांनी माझं आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. "अच्छा," म्हणाले. त्या 'अच्छा'चा अर्थ कळायला मला वेळ लागला.

शिट्टी रोज वाजायची. मी वळले की शिट्टी. हात वर. माझी चूक, सर. शेवटी मला माझ्याच पायाचा संशय यायला लागला. घरी भांडी घासतानाही मी पायाकडे बघत बसायचे. वाटायचं, यातच काहीतरी खोट असणार. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उलटून शिवी देता येते. इथे माझा पायच माझ्याविरुद्ध साक्षीला उभा केला होता, आणि मी रोज मान डोलावत होते.

टीमची निवड जवळ आली. टीममध्ये आलं की कॉलेजात खेळाडूंच्या कोट्यातून प्रवेश मिळायची आशा होती. मला तो प्रवेश हवा होता. नाहीतर आई मला मार्केट यार्डात कांदा निवडायला नेणार होती, तिच्या शेजारी बसवायला.

एका सकाळी मी आईची चाळणी घेतली आणि गल्लीतल्या सिमेंटवर रांगोळीची पूड चाळून पसरली. चेंडू नव्हता. पाण्याची रिकामी कळशी धरली. उडी मारून दोन्ही पायांवर थांबले, एक रोवला, वळले. खाली बघितलं. पंजाखाली वाटोळी खूण. सरकला असता तर ओरखडा उठला असता. ओरखडा नव्हता. पूड सारखी करून पुन्हा वळले. पुन्हा वाटोळीच खूण.

आई बाहेर आली. "रांगुळी कशापायी नासतीयास गं?"

मी सगळं सांगितलं. ती वाकली, खूण नीट बघितली. "पाय तर हितंच हाय की तुझा. मग हात कशाला वर करतीस?"

मी कळशी खाली ठेवली.

त्या दिवसापासून मी दुसऱ्यांचे पाय बघायला लागले. गौरी क्लबच्या ट्रस्टींची मुलगी. तिचा रोवलेला पाय चांगला वीतभर सरकायचा. सर तेव्हा बास्केटकडे बघत असायचे. दर वेळी. संशय माझ्या पायावरून उठला आणि शिट्टीवर जाऊन बसला. राग आला. 

निवडीच्या दिवशी कंपनीचे साहेब खुर्च्यांवर बसले होते. मला अडवायला गौरी समोर. मी दोन्ही पायांवर थांबले, एक रोवला, वळले. गौरी चकली. बास्केट मोकळं.

शिट्टी.

"हात वर कर."

"सर, पाय हलला नाही."

"काय?"

"पाय हलला नाही. तुम्ही पायाकडे बघितलंच नाही."

"वा! म्हणजे आता आपण आम्हाला नियम शिकवणार." ते साहेबांकडे बघून हसले. मग माझ्याकडे वळले. हसू नव्हतं. "हात वर कर, नाहीतर बाहेर हो."

सवयीने हात उचलला जात होता, खरंच सांगते. मी चेंडू दोन्ही हातांनी घट्ट धरला. गौरी माझ्या सर्वांत जवळ होती. तिने पाय बघितला होता. ती बुटाच्या नाड्या बांधत बसली. नाड्या सुटलेल्या नव्हत्या.

मी चेंडू खाली ठेवला आणि बाहेर पडले. हात वर न करता.

टीममध्ये नाव आलं नाही. कोटा गेला. कांदे निवडले, डोळे चोळले, रात्रीच्या कॉलेजात शिकले. आज मी तशाच एका काचेच्या इमारतीत काम करते. काही बिघडलं की मीटिंगमधल्या नजरा आधी माझ्याकडे वळतात. शेजारचा कुजबुजतो, "सॉरी म्हणून टाक ना, विषय संपेल." मी म्हणत नाही. आधी कुठे काय बिघडलं ते दाखवा, म्हणते. मला तिथे उद्धट समजतात. समजू देत.

रविवारी येरवड्यातल्या मैदानावर मी मुलींना थांबायला आणि वळायला शिकवते. शिट्टी आता माझ्याकडे आहे. हात वर करायची रीत मी ठेवलेली नाही. पहिल्याच दिवशी सांगते, कुणी चूक म्हटलं की आधी खाली बघायचं. पाय हलला असेल तर कबूल करा. हलला नसेल तर ब्रह्मदेव आला तरी हात खाली.

आणि माझ्या शिट्टीवरही विश्वास ठेवू नका.