सरकलेली गादी

कुठल्याही सल्ल्यावर आमच्या नानांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं, एकच उत्तर असे, ‘तेबी खरंच हाय.’ बैल विका म्हटलं तरी खरं, ठेवा म्हटलं तरी खरं. त्यामुळे आकुर्डीत त्यांचं कुणाशी वाकडं नव्हतं, आणि त्यांचं कुठलं काम वेळेवर झाल्याचंही मला आठवत नाही.

तेव्हा पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते. नाना तिथे सिमेंटची पोती उचलायला जात. एकदा पोतं उचलताना कंबरेत अशी उसण भरली की कळ डाव्या पायातून थेट अंगठ्यापर्यंत उतरली. पुण्याच्या डॉक्टरांनी पायाला टाचण्या टोचून पाहिल्या आणि सांगितलं, “मणक्यातली गादी सरकलीय.”

“सायेब, आमच्यात गादीच न्हाई. आमी घोंगडीवर निजतो.”

डॉक्टर हसले नाहीत. दोन मणक्यांमध्ये मऊ चकती असते, तिला गादी म्हणतात, ती शिरेवर दाबतेय. पाय लुळा पडायच्या आत ऑपरेशन करा, म्हणाले. दुसरे डॉक्टर म्हणाले, घाई नको, फळीवर पडून राहा, बहुतेकांचं आपोआप बरं होतं. फक्त गादीवर झोपू नका. “सरकली गादी, अन् बंदीबी गादीलाच,” नाना मला म्हणाले. “आता ऐकायचं कुनाचं?”

ओसरीवर फळी टाकून नाना पडले आणि येईल त्याला विचारू लागले. न्हावी म्हणाला, पाठीला सुरी लागलेला माणूस उठत नसतो. तालमीतले वस्ताद म्हणाले, मी पाय देतो पाठीवर. मास्तर म्हणाले, ऑपरेशनच करा. नानांना सगळंच पटायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही. काकी आत भाकरी थापत ऐकत असायच्या.

एका सकाळी नाना म्हणाले, “कळ गेली रं.” आम्ही गूळ वाटला. ऑपरेशनचं नाव मागे पडलं. मग नाना उठून अंगणात चालले, तर डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली आणि त्यांना पत्ताही नाही. शीर मेली म्हणून दुखणं थांबलं होतं. आधी कापलं असतं तर पाय वाचला असता का, हे नंतर डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता आलं नाही. माझा गोंधळ अजून तसाच आहे, आणि नानांची आठवण आली की जीव तुटतो.

पाऊल ओढत ते पुष्कळ वर्षं जगले. शेवटच्या दुखण्यात एकदा त्यांनी काकींना विचारलं, “माझं चुकलं का गं तवा?”

काकी त्यांच्या त्याच पायाला तेल लावत होत्या. “समद्या गावाला इचारलं तुमी. मला न्हाई इचारलं.”

“तू काय सांगितलं असतं?”

“मला तरी काय कळत हुतं? पन इचारायचं.”