रिकाम्या हातातली गोळी

दारूगोळ्याची फॅक्टरी म्हटल्यावर तुम्ही आता धमाक्याची वाट बघणार. बघा. इथे लवंगी फटाकासुद्धा फुटणार नाही.

आमची कॉलनी भुसावळच्या पुढे. गेटच्या आतलं कुणी घरी बोलायचं नाही. बोलला, की नोकरी गेली. एका सेक्शनला दुसऱ्या सेक्शनचं काम माहीत नसायचं, शिव्या मात्र सगळे द्यायचे, "मागच्यांनी माल बेकार पाठवला!"

मी जळगावला कॉलेजात, अभ्यास कमी, नकलाच जास्त. कॉलनीच्या गणपतीत स्टेजवर चढलो. कुणाची नक्कल आधी? सोप्पं. जो ज्याला शिव्या देतो, तो त्याच्यानंतर.

पत्रा दाबणाऱ्या प्रेसवरचे भाऊ पंगतीत भात पडला की दोन्ही हात झटकन मागे घ्यायचे. तसे घेतले. हशा. तपासणीवाले नाना शेंगदाणासुद्धा चिमटीत फिरवून उजेडात धरायचे. धरला. पुन्हा हशा. बारूद भरणारे आबा कुठेही शिरण्याआधी दाराच्या कडीला हात लावायचे. का, मला काय ठाऊक! लावला. हशा थांबला. शेवटी पॅकिंगमधले माझे वडील. ते भरताचं वांगंसुद्धा तान्ह्या बाळासारखं अलगद आडवं ठेवायचे. मी तसंच काहीतरी ठेवलं.

मला तेव्हा उमगलं, पत्र्यापासून पेटीपर्यंत अख्खी गोळी माझ्या रिकाम्या हातातून गेली होती. समोरची माणसं आ करून बघत होती. जन्मभर बनवलेली वस्तू तीही पहिल्यांदाच पूर्ण बघत होती.

पहिल्या रांगेतले सिक्युरिटीचे साहेब उठले. वडिलांना म्हणाले, "पोराला हे कोणी सांगितलं?"

वडिलांचा चेहरा पांढरा. "साहेब, आईशप्पथ, मलाच आज कळलं."

साहेबांनी आबांकडे, नानांकडे पाहिलं. दोघांनी 'आम्ही नाही' म्हणून माना हलवल्या. "पुन्हा नको," एवढंच म्हणून साहेब आरतीला गेले.

वडील धुळ्याकडचे. चिडले की अहिराणीवर यायचे. घरी दार लावून सुरू झाले, "इतला वरीस तुन्ही मायले बी सांगं नही मी, अन् तू लाऊडस्पीकर लाईसन सांगस? नोकरी जाती मन्ही!"

मी खाली मान घालून हसू दाबलं. त्यांना दिसलंच.

"हासू नको! आबा कडीले हात लावतस, ती गंमत नही शे. अंगनी वीज उतारतस. ती उतरनी नही, तं बारूदवर ठिणगी पडी, बठ्ठा सेक्शन उडी. सकाळे जाय, पाय पड त्यासना!"