पाव फेरा

नांदुऱ्यात पाहुण्याला दारात उभं ठेवून आधी त्याच्या गाडीची खुशाली विचारणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला चुलतसासरा म्हणून आला. काकाजी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. मेकॅनिक ते कधीच नव्हते. पण इंजिनाच्या मिक्श्चरबद्दल, म्हणजे पेट्रोल किती आणि हवा किती याबद्दल, त्यांच्याशी वाद घालायची हिंमत अख्ख्या तालुक्यात कुणात नाही. आमच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा हे वरपक्षाच्या जीपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते. "जीप मिसिंग मारून राह्यली, मुहूर्त थांबत नाही काय दोन मिनिटं?" असं कुरकुरत धावत आले आणि त्याच हातांनी अक्षता टाकल्या. त्या काळ्या अक्षतांचा एक डाग बायकोच्या शालूवर अजून आहे, आणि ती तो कुणाला धुऊ देत नाही.

सासरे गेल्यावर त्यांची जुनी कारबोरेटरवाली गाडी माझ्याकडे आली, आणि गाडीबरोबर त्यांचे हे धाकटे भाऊही आले म्हणायला हरकत नाही. कारण दर आठ-दहा दिवसांनी गाडी हटकून मिसिंग मारू, म्हणजे अडखळू लागे आणि मी मलकापूरची वकिली सोडून नांदुऱ्याला हजर. मग तपासणी. आधी सायलेन्सरच्या धुराचा वास, फोडणीचा घ्यावा तसा. मग प्लग काढून, चष्मा कपाळावर चढवून त्याच्या टोकाचा रंग पाहणं. बदामी असला तर तब्येत ठीक, पांढरा असला तर उपासमार, आणि काळा असला तर, "जवाईबुवा, पेट्रोल पाजून पाजून अपचन केलं हो तुमी हिले!" शेवटी काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, पाण्याचा पेला आणून देत. तो चालू इंजिनावर ठेवून काकाजी पेचकसाने मिक्श्चरचा स्क्रू केसभर फिरवत, कान लावून ऐकत. पाणी हलायचं थांबलं की पेला उचलून घटाघटा पिऊन टाकत. ते पाणी प्याले म्हणजे गाडी बरी झाली.

एकदा कोर्टाच्या कामाला बुलढाण्याला निघालो आणि गाडी घाटात धापा टाकू लागली. तिथल्या मेकॅनिकने स्क्रू पाहिला आणि हसला. "वकीलसाहेब, कोनीतरी जानून पाव फेरा ढिला सोडला. लगेच समजत नाही, आठ दिवसात प्लग काळे होतेत." माझं डोकंच फिरलं. परतताना तडक नांदुरा गाठलं. काकाजी बाजारात गेले होते. काकूंनी माझी सगळी बडबड ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मोठ्या भाऊजींची गाडी दारात उभी राह्यली म्हनजे त्या दिवशी ह्यायले दोन घास जास्त जाते. रागावू नका." त्या पाव फेऱ्याबद्दल मी पुढे कधी शब्द काढला नाही.

मागच्या हिवाळ्यात काकाजींचे कान गेले. "आता मले इंजिन ऐकू येत नाही, दुसरीकडं दाखवत जा," असं सांगून त्यांनी स्क्रू शेवटचा नीट बसवला. त्यानंतर दोन महिने गाडी अशी सुरळीत चालली की मला तिचा राग यायचा. फोनवर काकू म्हणाल्या, "जेवत नाहीत हो."

मग मीच पेचकस घेतला. पाव फेरा, मोजून. प्लग काळे होईपर्यंत आठ दिवस गाडी पळवली आणि रविवारी त्यांच्या दारात नेऊन उभी केली. नको नको म्हणत काकाजी उठले. वास घेतला, प्लग पाहिला. कानाचं काम या वेळी तळहाताने केलं: पत्र्यावर तळवा टेकून, डोळे मिटून स्क्रू फिरवत राहिले. पेल्यातलं पाणी थांबलं. मग माझ्याकडे वळून, कान गेलेल्या माणसाच्या मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं, "पाव फेरा?" मी होकाराची मान हलवली. "तुमी केला?" मी पुन्हा मान हलवली. "थोडा जास्त झाला, हाताले सफाई नाही तुमच्या," ते म्हणाले. "पन कायच्यासाठी केला, ते समजलं."

मी गाडी बंद केली. त्यांनी पेला हातात घेतला तर त्यातलं पाणी पुन्हा हलत होतं. ते आम्हा दोघांनाही दिसलं. पाणी पिऊन त्यांनी बॉनेट लावलं, बाहीने पुसलं आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी अशीच आना. बिघाड नसला तरी."

काकूंनी आतून ताटं वाढल्याची हाक मारली. ती त्यांना ऐकू आली नाही. मी हात धरून त्यांना जेवायला घेऊन गेलो.