पाटीवरची गुणाबाई

गुणाबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती अशी: "म्हातारा झालास तरी कुठं बसावं ती अक्कल नाय. चुलीचा वारा अडवतोस, सरक."

मी सरकलो. उभा जन्म फिरत्या नाटक कंपनीत खलनायक रंगवलेला माणूस मी. शिव्यांचं मला काही वाटत नसे. म्हसा गावच्या जत्रेत आमचा तंबू लागला की पहिल्याच अंकात बायका माझ्या नावाने बोटं मोडायच्या, आणि प्रयोग संपल्यावर मालक माझ्या ताटात रस्सा जास्त वाढायचे. एकदा राजाचं काम करणारा नट तापाने पडला, म्हणून मला सज्जन राजा केलं. मी जीव ओतून रडलो. प्रेक्षक हसत सुटले. पुढच्या रांगेतला एक शेतकरी शांतपणे म्हणाला, "पाणी पिऊ नका रे त्याच्या हातचं." त्या रात्री मालकांनी मला जवळ बसवलं. "तुझं तोंड आता तुझं नाही राहिलं बाबा," ते म्हणाले. "लोकांनी ते ओळखून ठेवलंय. बदललंस तर आपल्याला फसवलं असंच त्यांना वाटणार."

हे मला आठवायचं कारण टोकावड्याची गुणाबाई.

मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून तिचा कारवीच्या कुडाचा, वर पत्रे टाकलेला मांडव आहे. मी गावात राहायला आल्यापासून दुपारचा तिथेच जेवतो. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, एवढंच. तुम्ही बसल्याशिवाय ती पीठ मळायला घेत नाही. फोनवर बोलणाऱ्याला वाढत नाही. ताटात टाकलंत तर तुमच्या आईपर्यंत पोचते. घाटावरून भाजी घेऊन कल्याणला जाणारे टेम्पोवाले तरीही तिच्याकडेच थांबतात. पाटी कधीच नव्हती. "जिथं बोलणी खायला मिळतात तिथं थांब," एवढ्या खुणेवर नवा ड्रायव्हर बरोबर पोचायचा.

गोड ती एका गाईशीच बोलायची. रात्रीची उरलेली भाकरी गुणाबाई माणसाला कधी वाढत नसे. सकाळी एक लंगडी गाय मांडवाशी यायची. तिच्यापुढे ते तुकडे धरून ती म्हणायची, "ये गो बाय माजी. खा. पोटभर खा." चहाला थांबलेल्या ड्रायव्हरांनी हे रोज ऐकलेलं होतं.

मागच्या हिवाळ्यात तिच्या दिराच्या मुलाने, हितेशने, समोरच्या बाजूला ढाबा उघडला. हा पोरगा कल्याणला एका हॉटेलात काम करून परतला होता. फरशी, पंखे, रंगीत दिवे, सगळं होतं. आणि वर हा एवढा फ्लेक्स: 'गुणाबाईची चूल. प्रेमाने वाढलेलं घरगुती जेवण.' शेजारी गुणाबाईचा मोठा हसरा चेहरा. घरातल्या कुठल्याशा लग्नातला तिचा कपाळाला आठ्या घातलेला फोटो घेऊन हितेशने तो मोबाईलवर हसवला होता.

गुणाबाई फ्लेक्सखाली जाऊन उभी राहिली. मी मागे होतो.

"ही कोण रे?"

"तूच की, काकी," हितेश म्हणाला.

"मला येवडे दात कवा होते?"

"यालाच ब्रँडिंग म्हणतात. जेवण काय, सगळेच करतात. माणूस गाडी थांबवतो ती नाव बघून. तुजं नाव या रस्त्याला चालतं आणि तू साधी पाटी लावली नायस. उद्या कोण परका लावणार, त्यापेक्षा घरातल्यानं लावलं."

"नाव माजं, तर मग चूल कुणाची?"

"आत गॅस हाय. तू पण ये ना. गल्ल्याजवळ खुर्ची टाकतो, साडी देतो. बसून फक्त हसायचं."

"मेल्यावर बसव," गुणाबाई म्हणाली. "तवा उलट बोलायची नाय मी."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं संपलं. हितेश तिची धुण्याची दोरी ज्या खांबाला होती तो उपटून गेला, गुणाबाईने राख त्याच्या दाराकडे तोंड करून झाडायला सुरुवात केली.

एक गोष्ट मी मान्य करतो, पोरगा खोटं बोलत नव्हता. नावाला खरंच माणूस थांबतो. शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याच्या गाड्या, कुणाकडून तरी गुणाबाईचं नाव ऐकून आलेल्या, पाटी बघून समोर वळायला लागल्या. गुणाबाईच्या मांडवात मी आणि माश्या.

एवढ्यावर भागलं असतं तरी तिने सोसलं असतं. पण एका शनिवारी समोर जेवून उठलेला एक गृहस्थ रस्ता ओलांडून आला. फ्लेक्सकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं. "गुणाबाई तुम्हीच ना? फार नाव ऐकलं होतं. भाकरी अगदी चामड्यासारखी होती." आपण ते मोबाईलवर लिहिलंही आहे, असं सांगून त्याने मला दाखवलं.

"वाच," गुणाबाई मला म्हणाली.

मी वाचलं. 'गुणाबाईकडे जाऊ नका. बोलणं गोड, भाकरी गार.'

ती त्याला काहीच बोलली नाही. तो गेला तरी बोलली नाही. गुणाबाई गप्प बसलेली मी तेव्हा प्रथम पाहिली आणि मला भीती वाटली. त्या भाकरीवर तिने नवऱ्यामागे संसार ओढला होता. आता तिने न थापलेल्या भाकरीपायी तिचं नाव जात होतं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "नाटक्या, लोकांना गोडच पायजे ना? मला शिकव."

मी समजावून पाहिलं. राजाचा किस्सा सांगितला. "तुजं नुसतं नाटक पडलं, हितं माजी चूल विझेल," ती म्हणाली. "शिकव." मग शिकवलं. मान थोडी कलती ठेवायची, आवाज खाली, 'ये रे बाबा, बस'. दाढ दुखणाऱ्या माणसासारखं ती हसत होती. पण बाई जिद्दीची. दुपारपर्यंत वाक्य पाठ झालं.

दुपारी ओतूरचा कुंडलिक टेम्पो लावून आला. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. हात पुसत बसला आणि बोलणी खायला तयार होऊन तिच्या तोंडाकडे बघायला लागला.

"ये रे बाबा," भाकरी भाजून ताट पुढे सरकवत गुणाबाई मान कलती करून म्हणाली. "खा. पोटभर खा."

कुंडलिकचा हात ताटावरच थांबला. त्याने भाकरी उचलली, वास घेतला, परत ठेवली.

"मावशी, कालची हाय का?"

"काय म्हनलास?"

"नाय, तू गाईला बोलतेस तसं बोललीस. घरात काय वाईट झालंय का? की तू पण समोरच्यात भागी घेतलीस?" तो उठला. "आज भूक नाय मला. पुढं मुरबाडला बघतो."

टेम्पो निघून गेला. गुणाबाईने माझ्याकडे जे पाहिलं, तसं कुठल्या नाटकात कुठल्या नायिकेने मला पाहिलं नव्हतं. मग तिने तव्यावरची फुगलेली भाकरी उलथन्यावर घेतली आणि रस्ता ओलांडला.

हितेशकडे टेबलं भरलेली होती. तिने पहिल्या टेबलावरच्या ताटातली भाकरी उचलून आपटली. पाट आपटावा तसा आवाज झाला.

"ही माजी म्हणून खाताय?"

"काकी, गिऱ्हाईक हाय. तमाशा नको," हितेश म्हणाला.

"तमाशा तू मांडलास. माजं तोंड टांगलंस, त्याला दात लावलेस. त्या तोंडाखाली थंड भाकरी वाढतोस आनि नाव माजं खराब होतंय. लोकांनी मला ओळखायचं कशावरून रे?"

एक मुलगी फ्लेक्सकडे आणि हिच्याकडे बघत म्हणाली, "मग खऱ्या गुणाबाई कोण?"

गुणाबाईने उलथनं तिच्यापुढे धरलं. "हात लाव."

मुलीने बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"ती मी," गुणाबाई म्हणाली. "आनि तू, भात टाकलास तो का? तुज्या आईनं शिकवलं नाय?"

ती मुलगी आपल्या माणसांना घेऊन मांडवात आली. बाकीचे बसून राहिले. हितेश दारात येऊन ओरडला, "गुणाबाई काय तू एकटीच हायस? गावात अजून हायत. फ्लेक्स नाय उतरणार."

"नको उतरवू," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "नाटक्या, तुला लिवता येतं ना मोठं?"

पडद्यांवर नाटकाची नावं मीच रंगवायचो. घरी माझी रंगभूषेची पेटी होती, तिचं झाकण मी काढलं. आतल्या बाजूला जुन्या लालीचे डाग होते, ते पांढऱ्या रंगाखाली गेले. त्याचं वाईट वाटलं, पण त्या फळीला पुन्हा प्रेक्षक मिळणार होते.

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. झालं तेव्हा तिने ती फळी मांडवाच्या मेढीला स्वतः ठोकली.

"आता वाच. पलीकडं गेलं पायजे."

मी उभा राहिलो, छाती भरून घेतली आणि पहिल्या अंकातल्या त्या जुन्या आवाजात वाचलं: "गुणाबाई. इथं गोड बोलत नाय. भाकरी गरम."

समोर हितेशने गाणं मोठं केलं. दोन दिवसांनी घाटाकडून कुंडलिकचा टेम्पो हळू होत आला. तो उतरला, फळी वाचली, आणि बिचकतच आत डोकावला.

"मावशी, आज बरी हायस ना?"

"मरायला टेकलेय. हात धुतलेस का?"

कुंडलिक हात धुवायला गेला.