अकरा मशिनी आणि मयेकरकाकांचं बोट

दर सोमवारी सकाळी आठला मयेकरकाका स्वतःच्या बोटाला सुई टोचून घेत. समोर स्टीलचं मोठं ताट, आणि ताटात सगळ्या वॉर्डांतून गोळा करून आणलेले अकरा ग्लुकोमीटर, म्हणजे बोटाच्या थेंबावर साखर सांगणाऱ्या त्या मुठीएवढ्या मशिनी. एका टोचणीत तीन-चार मशिनी उरकायच्या, मग दुसरं बोट. त्यासाठी डाव्या हाताची तीन बोटं राखून ठेवलेली. उजव्याला ते कधी टोचत नसत. "उजवा हात जेवायचा नि लिवायचा," म्हणायचे. बोटं झाली की बाही वर करून माझ्यापुढे हात धरायचे. मी नळीभर रक्त काढायची आणि ते लॅबमधल्या मोठ्या मशीनवर लावायची. मोठ्या मशीनचा आकडा खरा धरायचा आणि अकरा जणी त्याच्यापासून किती हलल्या आहेत ते रजिस्टरात लिहायचं. लिहायचे ते, तपासून सही करायची मी.

त्या सह्यांबद्दलच सांगायचं आहे. दीड वर्षाच्या सोमवारांवर माझी सही आहे आणि त्या पानांवर मयेकरकाकांचं दुखणं चांगल्या अक्षरात लिहिलेलं आहे. ते मी वाचलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याबद्दल बरं मत करून घ्यायला नको.

काका आमच्या लॅबमधले जुने तंत्रज्ञ, मालगुंडचे. सकाळच्या पहिल्या एसटीने रत्नागिरीला यायचे आणि स्टँडवर चहात दोन बटर बुडवून खाऊन इस्पितळात हजर व्हायचे. उंच, काटकुळे, खिशाला दोन पेनं, केसांना खोबरेल. मी चिपळूणची, त्यांच्या मुलीच्या वयाची, आणि माझ्या दारावर 'गुणवत्ता अधिकारी' अशी पाटी. पहिल्या दिवशी त्यांनी ती पाटी सावकाश वाचली आणि म्हणाले, "बरा झाला आलीस बाय. आता चूक झाली तर विचारायला कोणतरी झाला." मला बाय म्हणायचे ते तेव्हापासून.

आमच्या इस्पितळाला मानांकन हवं होतं. ते नसेल तर विम्याचे पेशंट कोल्हापूरला जाणार आणि आम्ही बसणार माश्या मारत. लॅबची तयारी तशी बरी होती. अडचण होती ती वॉर्डातल्या मशिनींची. लॅबमधलं मशीन तंत्रज्ञाच्या हातात असतं, पण खाटेजवळची ही मशीन ज्या सिस्टरला सवड असेल तिच्या हातात. नियम असा, की रोज सकाळी बाटलीतल्या ठरलेल्या द्रावणाचा थेंब घालून मशीन बरोबर सांगते का ते बघायचं, लिहायचं, आणि मगच पेशंटच्या बोटाला हात लावायचा. शिवाय मोठ्या मशीनशी वेळोवेळी ताडून बघायचं. ताडायला खरं रक्त लागतं. ते पेशंटचं घेता आलं असतं, पण काकांना ते पटेना. "त्याला आधीच चार सुया टोचलेल्या असतात. त्यात ही पाचवी आपल्या रजिस्टरासाठी? नको. माझा रगात काय महाग हाय?"

सिस्टर लोकांना त्यांनी कधी मेमो दिला नाही. एकदा एका वॉर्डाच्या रजिस्टरात सबंध आठवड्याचा आकडा एकसारखा निघाला, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेला. मी तापले. काका मला थांबवून वॉर्डात गेले आणि सिस्टरच्या शेजारी स्टूल ओढून बसले. "सिस्टर, तुमच्याकडे भाताला रोज सारखाच पाणी लागता काय?" सिस्टर म्हणाली, "नाय ओ, नवा तांदूळ असला तर कमी, जुना असला तर जास्त." "मग ह्या मशीनला कसा रोज सारखा लागला?" सिस्टर लाजून हसली. काकांनी तिला पान फाडू दिलं नाही. खोट्या आकड्यांवर एकेक आडवी रेघ मारायला लावली आणि प्रत्येक रेघेपाशी सही घेतली. त्या वॉर्डात पुन्हा तसं झालं नाही.

पावसाळ्यात, ज्यांवर रक्ताचा थेंब घेतात त्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं दिसलं की विचारायचे, "घरी पापड असेच उघडे ठेवता काय?" दमट हवेत पट्टी खराब होते हे आम्ही तासभर भाषण करून सांगितलं होतं. सगळ्यांच्या लक्षात राहिला तो पापड.

पण त्यांचं खरं ब्रीदवाक्य वेगळं होतं. नवीन सिस्टर एखाद्या मशीनचा आकडा बघून दचकली की काका सांगत, "आकडा नाय बघायचा. दोन आकड्यातला फरक बघायचा." मशीन तपासताना हे अगदी बरोबर आहे. मीही ते माझ्या प्रशिक्षणात जसंच्या तसं सांगायची.

मानांकनाआधीची पहिली पाहणी झाली तेव्हा परीक्षक बाईंनी सोमवारचं रजिस्टर चाळलं आणि एक त्रुटी काढली. सगळे आकडे नव्वद ते एकशे दहाच्या आतले. मशीन निरोगी माणसाची साखर बरोबर सांगते एवढंच यातून कळतं. वाढलेल्या साखरेवर ताडलेला एकही नमुना नाही. पुढच्या वेळेपर्यंत ही त्रुटी बंद करा. काका कान पकडून म्हणाले, "बरोबर हाय बाईंचा. करतंय कायतरी."

करायला काही लागलं नाही. चार-पाच महिन्यांत सोमवारचे आकडे आपणहून चढले. एकशे चाळीस, एकशे ऐंशी. मे महिन्यात दोनशे दहा आले तेव्हा मी नळीवरचं नाव पुन्हा बघितलं. त्यांचंच होतं. "काका, हे काय?" तर म्हणाले, "आंबे सुरू हायत गो. घरची कलमं. खाल्ल्याशिवाय राहवत नाय." आणि मग हसून, "वरचा नमुना पायजे होता ना बाईंना? बघ, तो पण घरचाच मिळाला."

मी हसले. हसलेच नुसती असं नाही, मी "छान झालं" असं म्हणाले. मग अकरा मशिनींचे फरक तपासले, सगळे मर्यादेत होते. त्या दिवशी मी फॉर्म काढून त्रुटीपुढे लिहिलं : पूर्तता झाली. खाली सही केली.

आंबे संपले. आकडे उतरले नाहीत. पाऊस लागला तेव्हा अडीचशेच्या पुढे होते. काकांच्या टेबलावर पाण्याच्या एका बाटलीच्या दोन झाल्या. कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं दिसलं. मी विचारलं, "बारीक होताय काका, काकूंनी उपाशी ठेवलंय का?" एकदा, फक्त एकदाच, मी जरा गंभीरपणे म्हटलं की डॉक्टरांना दाखवा. त्यावर ते म्हणाले, "एकदा मानांकन होऊ दे बाय. मग दाखवतंय." मलाही घाई नव्हती. खरं सांगायचं तर मला घाई मानांकनाची होती. औषध सुरू झालं असतं तर साखर खाली आली असती आणि वरचा नमुना गेला असता, असा हिशेब त्यांनी केला होता का, असं मी पुष्कळदा मनात आणते आणि मध्येच सोडून देते.

शेवटच्या तपासणीला तीन आठवडे उरले असताना एका शनिवारी दुपारी ते आपल्या कलमांत काम करत होते. दरदरून घाम सुटला. छातीत दुखत नव्हतं, म्हणून पित्त म्हणत पडून राहिले. मुलाने गाडी करून आमच्याच इस्पितळात आणलं तेव्हा श्वास तेवढा चालू होता. मला निरोप आला म्हणून मी खाली धावले. सिस्टर त्यांची साखर बघायला बोट टोचत होती आणि थेंब येत नव्हता. दीड वर्षाच्या टोचण्यांनी ती बोटं टणक झाली होती. ती म्हणाली, "मॅडम, रक्तच निघत नाही." मी म्हणाले, "डावा हात सोड, उजव्याला टोच." उजव्याला लगेच आला. चारशेच्या वर. डॉक्टर म्हणाले, हार्ट अ‍ॅटॅक आहे, आणि मुलाला विचारलं, डायबेटिस होता का, त्यात कधीकधी छातीत दुखतच नाही. मुलगा म्हणाला, नाही. मी तिथेच उभी होते. अर्ध्या तासात काका गेले.

सोमवारी ताट तसंच राहिलं. मंगळवारी मी एका पेशंटची परवानगी घेतली आणि अकरा मशिनी ताडल्या. त्याला पाचवी सुई टोचली. मला काही वाटलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. जेवण होत होतं, झोप लागत होती, रजिस्टरं वेळेवर पुरी होत होती.

परीक्षक बाई आल्या. सोमवारचं रजिस्टर त्यांना फार आवडलं. पानं उलटताना एका ठिकाणी थांबून त्यांनी विचारलं, "वाढलेल्या साखरेचे हे आकडे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवले का? तशी नोंद कुठे आहे?" मी म्हणाले, "मॅडम, हे मशीन ताडायचे नमुने आहेत. पेशंटचे नाहीत." उत्तर नियमाला धरून होतं. त्यांनी मान हलवली आणि 'समाधानकारक' असं लिहिलं. महिन्याभराने प्रमाणपत्र आलं. ते काचेत घालून दर्शनी भिंतीवर लावलं, पेढे वाटले.

त्यानंतर मी मालगुंडला गेले. काकू पडवीत सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. मला ओळखलं. "तुम्हीच त्या बाय ना? हे रोज सांगायचे तुमचा." मानांकन मिळाल्याचं मी सांगितलं. त्यांनी देवाच्या दिशेने हात जोडले. मग खडा वेचता वेचता म्हणाल्या, "माझ्या डोक्यात एकच राहिलाय. डॉक्टर मुलाला बोलले, शुगर होती. आता मला सांगा, जन्म लॅबमध्ये गेला, दुनियेचा रगात तपासला, नि स्वतःचा एकदा पण तपासला नाय? एकदा जरी तपासला असता तरी कळला असता ना हो?"

हो म्हणून उठून येता आलं असतं. मी म्हणाले, "तपासलं होतं, काकू. दर सोमवारी. दीड वर्ष."

काकूंचा हात थांबला. "कोण तपासायचा?"

"रक्त मी काढायची. आकडे ते लिहायचे. खाली सही माझी असायची."

"मग वाढलेली दिसली नाय तुम्हाला?"

"मी फरक बघत होते, काकू."

त्यांना ते कळलं नाही. कळण्यासारखं नव्हतंच. त्या सूप बाजूला ठेवून उठल्या आणि म्हणाल्या, "बसा. चहा टाकते." मी बसले. चहा येईपर्यंत मी डाव्या हाताचं बोट अंगठ्याने दाबत होते. मऊ होतं ते.