दारातली आत्या आणि शेळ्या

दौंडच्या रेल्वे कॉलनीच्या कुंपणाशी शेळ्या चरायला आल्या, की त्या वासानं मला घोड नदीकाठचं, माहेरच्या गावातलं पत्र्याचं चर्च आठवतं. बाळ गेलं त्या वर्षी मी तिकडं जाऊन राहिले होते. एका रविवारी मी दाराजवळच बसले, पुढं जायचं त्राणच नव्हतं. दारात एक म्हातारी आत्या काठी घेऊन बसायची. सगळ्यांनी प्रार्थनेला डोळे मिटले की शेजारच्या शेळ्या आत घुसायच्या, त्या हाकलायचं काम तिचं. मी डोळे मिटले आणि मनात रोजचंच सुरू झालं, तूच कमी पडलीस, देवानंही तुला टाकलं. मी हळूच म्हणाले, "आत्या, डोळे मिटले की नको नको ते मनात घुसतं. प्रार्थनाच करवत नाही." काठीनं एका करडाला मागं सारत ती म्हणाली, "मग नको मिटू. मी तरी कवा मिटलेत? ह्यास्नी हाकलत हाकलतच बोलते मी देवाशी." तेच करडू पुन्हा आलं, तिनं पुन्हा हाकललं, चिडली मात्र नाही. आता मीही डोळे उघडे ठेवूनच गुडघे टेकते. ते विचार येतातच. हाकलते, पुन्हा येतात, पुन्हा हाकलते. एखाद्या दिवशी आमेनपर्यंत पोचतेही.